आधी याद्या, मग मॉडेल

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेले बरेच लेख एकाच साच्यातून काढल्यासारखे आहेत. लोकसभेच्या हाती लागतील तेवढ्या मतविभागण्या गोळा करायच्या, डब्ल्यू-नॉमिनेटमध्ये घालायच्या, दोन मितींचा नकाशा काढायचा, एका पुंजक्याला डावे आणि दुसऱ्याला उजवे म्हणायचे, आणि वर्गीकरणाची अचूकता नव्वदीच्या पुढे गेल्याचे अभिमानाने नोंदवायचे. परीक्षकांनी लेख परत पाठवला की लेखकाचे रागाचे पत्र येते. अशाच एका पत्रात विचारले आहे, ‘अमेरिकी काँग्रेसवर हेच केलेले चालते, मग आमच्या संसदेवर का चालू नये?’

प्रश्न रास्त आहे. पूल आणि रोझेंथाल यांनी १९८०च्या दशकात नॉमिनेट उभे केले ते अशा सभागृहासाठी, जिथे पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून कोणाचे सदस्यत्व जात नाही. आपल्याकडे १९८५च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले आणि व्हिप मोडणे म्हणजे अपात्रतेला आमंत्रण ठरले. १७ एप्रिल १९९९ला वाजपेयी सरकार एका मताने पडले, तेव्हा व्हिप झुगारून सरकारविरुद्ध मत देणाऱ्या सैफुद्दीन सोझ यांना पक्षाने काढून टाकले. एवढी किंमत मोजून दिलेल्या मतात विचारसरणीबद्दल काही माहिती असते. बाकीच्या शेकडो ‘होय’ आणि ‘नाही’मध्ये असते ती पक्षकार्यालयाची इच्छा. वक्फ दुरुस्ती विधेयकावर २०२५च्या एप्रिलमध्ये लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ अशी मते पडली. या एका आकड्यावरून सत्तापक्ष कुठे आणि विरोधक कुठे हे कळते, आणि ते कळायला मॉडेल लागत नाही.

तांत्रिक बाजू वाचकांना माहीत आहे, तरी लेखांत ती पुन्हापुन्हा विसरली जाते. दोन गट पूर्णपणे वेगळे पडले की विभेदन-गुणांक सैरावैरा पळतात. बेझियन पद्धतीत त्यांना रोखून धरतो तो फक्त प्रायर. मग एकाच पक्षाच्या दोन खासदारांत जो फरक दिसतो तो येतो कुठून? कोण कोणत्या दिवशी गैरहजर होता, यातून. परत गेलेल्या एका लेखात एक राज्यसभा सदस्य पक्षातला ‘सर्वात मवाळ’ ठरला होता. गृहस्थ मुदतीच्या मध्यावर सभागृहात आले होते आणि त्यांच्या वाट्याला मोजक्याच मतविभागण्या आल्या होत्या. लेखकाने त्यावर दोन पाने भाष्य केले होते.

हे दुखणे फक्त आपले नाही. स्पर्लिंग आणि मॅक्लीन यांनी २००७मध्ये ब्रिटिश कॉमन्सबद्दल दाखवले की बंडखोर खासदार विरोधकांबरोबर मत देतात तेव्हा पद्धत त्यांना भलत्याच ठिकाणी नेऊन बसवते. खुद्द अमेरिकेत ५ नोव्हेंबर २०२१ला पायाभूत सुविधांच्या विधेयकाला सहा डेमोक्रॅट सदस्यांनी डावीकडून विरोध केला. अशा मतांमुळेच नॉमिनेट त्यांना पक्षाच्या मध्याकडे सरकवते. हिक्स आणि नूरी यांनी अनेक देशांची कायदेमंडळे तपासून सांगितले आहे की बऱ्याच ठिकाणी पहिली मिती सरकार-विरोधक अशीच असते. तेव्हा नकाशा छापायला आमची हरकत नाही. अक्षावर ‘विचारसरणी’ लिहायला आहे.

पण खरी रड वेगळीच आहे. मॉडेलपर्यंत पोचण्याआधीच आपण अडतो, कारण मतांची नोंदच होत नाही.

लोकसभेच्या नियम ३६७ प्रमाणे आवाजी मतदानावर अध्यक्षांनी दिलेल्या कौलाला आव्हान मिळाले तर मतविभागणी घ्यावी लागते. त्याच नियमात पळवाटही आहे. मतविभागणीची मागणी अनावश्यक वाटली तर अध्यक्ष सदस्यांना जागेवर उभे करून मोजू शकतात आणि तेव्हा नावे नोंदवली जात नाहीत. अमेरिकेच्या राज्यघटनेत हजर सदस्यांपैकी एक-पंचमांशांनी मागितले की नावानिशी नोंद सक्तीची होते. तिथे एका वर्षात शेकडो रोल कॉल जमतात. आपल्याकडे विधेयकांमागून विधेयके ‘होय’च्या गजरात निघून जातात.

आता गंमत पाहा. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, म्हणून तिथे मतविभागणी टळत नाही. आणि घटनादुरुस्ती मांडली जाते ती बहुधा मतैक्य जमल्यावरच. वस्तू व सेवा कराच्या दुरुस्तीला ऑगस्ट २०१६मध्ये लोकसभेत ४४३ विरुद्ध शून्य. मराठा आरक्षणाच्या निकालानंतर मागासवर्गांच्या याद्यांचा अधिकार राज्यांना परत देणाऱ्या दुरुस्तीला ऑगस्ट २०२१मध्ये ३८५ विरुद्ध शून्य. महिला आरक्षणाला २०२३मध्ये ४५४ विरुद्ध दोन. ते दोघे असदुद्दीन ओवैसी आणि आपल्या औरंगाबादचे इम्तियाज जलील. डब्ल्यू-नॉमिनेटचा लॉप मुळात अडीच टक्क्यांवर बेतलेला असतो, म्हणजे अल्पमत त्याहून कमी असेल तर ती मतविभागणी गणितात धरलीच जात नाही. वरच्या तिन्ही गळतात. आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाची दुरुस्ती लोकसभेत ३२३ विरुद्ध ३ म्हणून गळते, आणि राज्यसभेत १६५ विरुद्ध ७ म्हणून टिकते. कायदा तोच, आठवडा तोच.

आणि जिथे खरोखर मतभेद होता? २० सप्टेंबर २०२०ला राज्यसभेत दोन कृषी विधेयकांवर विरोधक मतविभागणी मागत होते. सदस्य आपापल्या जागेवर नाहीत असे कारण देऊन विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, त्यांत महाराष्ट्रातले राजीव सातव होते. या विधेयकांना त्यांचा विरोध होता याची सभागृहाच्या दप्तरात नोंद शोधायची, तर मतांच्या यादीत ती मिळत नाही, निलंबनाच्या ठरावात मिळते. पुढे नोव्हेंबर २०२१मध्ये तेच कायदे मागे घेतले गेले, तेही आवाजी मतदानानेच. स्वातंत्र्यानंतरच्या शेतीधोरणातल्या एका मोठ्या भांडणाबद्दल आमच्या मॅट्रिक्समध्ये एकही स्तंभ नाही.

महाराष्ट्र विधानसभेत तर याहून बरे काही नाही. १२ नोव्हेंबर २०१४ला फडणवीस सरकारने विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने जिंकला. भाजपकडे स्वतःचे बहुमत नव्हते, राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता, शिवसेना विरोधी बाकांवर होती. कोणता आमदार कुठे उभा आहे हे मोजण्याची अशी संधी क्वचित येते, आणि ती आवाजात विरून गेली. ४ जुलै २०२२ला शिरगणती झाली, १६४ विरुद्ध ९९. पण त्या दिवशी शिवसेनेच्या आमदारांवर दोन प्रतोदांचे दोन व्हिप होते, आणि त्यातला कोणता ग्राह्य याचा उलगडा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये केला. व्हिप हा चल म्हणून घालणाऱ्यांनी त्या स्तंभात काय लिहायचे ते आधी ठरवावे.

बरे, मतविभागणी झाली तरी यादी सरळ हाती येते असे नाही. १७ डिसेंबर २०२४ला ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयक मांडण्यावर नव्या लोकसभा सभागृहात पहिल्यांदा यंत्राने मतदान झाले. फलकावर आकडा आला २२० विरुद्ध १४९. कागदी चिठ्ठ्या मोजल्यावर झाला २६९ विरुद्ध १९८. म्हणजे सुमारे शंभर मते यंत्राबाहेरून आली. कामकाजाच्या खंडात असा निकाल ‘शुद्धीसापेक्ष’ म्हणून छापतात. यंत्राची यादी, खाली चिठ्ठीने मत देणाऱ्यांची नावे, मग चुकीचे बटण दाबलेल्यांची दुरुस्ती. ज्यांनी फक्त वरची यादी टंकली त्यांच्या मॅट्रिक्समध्ये शंभर खासदार गैरहजर असतात. पुढे मॉडेल काय सांगणार ते उघड आहे.

नावांचे त्रांगडे निराळेच. सतराव्या लोकसभेत एकट्या महाराष्ट्रातून कपिल, हेमंत, उन्मेष, श्रीनिवास आणि संजयकाका असे पाच पाटील होते, शिवाय गुजरातच्या नवसारीहून सी. आर. पाटील. मतांच्या यादीत खासदाराला कायमचा क्रमांक नसतो. पक्षाचे नाव नसते. ‘दानवे रावसाहेब दादाराव’ आणि ‘रावसाहेब पाटील दानवे’ यांना संगणक दोन माणसे समजतो. त्यात पीडीएफ जुनी असली की पान कललेले, अक्षरे पुसट. एका वाचकाने एका राज्याच्या विधिमंडळ सचिवालयाकडे माहितीच्या अधिकारात नावनिहाय मते मागितली. उत्तर आले, माहिती संकलित स्वरूपात नाही, कामकाजाचे वृत्त पाहावे. वृत्त पाहायला गेले तर प्रत्येक पानावर ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’. सुधारित प्रत केव्हा निघेल असे विचारणारा त्यांचा दुसरा अर्ज अजून अनुत्तरित आहे. ज्या मतावर कायदा होतो ते मत प्रसिद्धीसाठी नसावे, यावर आम्ही आणखी काय लिहावे?

अधिकाऱ्यांना दोष देऊन झाला, आता आपल्यांना. आमच्या माहितीत निदान काही अभ्यासक असे आहेत की ज्यांनी पीएचडीसाठी एकेका लोकसभेच्या मतविभागण्या हाताने टंकल्या. पदवी मिळाली, याद्या खासगी हार्डडिस्कवर राहिल्या. मागितल्या तर ‘अजून स्वच्छ करायच्या आहेत’ हे ठरलेले उत्तर. परिणामी पुढचा विद्यार्थी तीच पाने नव्याने टंकतो, त्याच चुका नव्याने करतो. याला संशोधन म्हणत नाहीत, याला अंड्यांवर बसणे म्हणतात. अमेरिकेत व्होटव्ह्यू उघडले की पहिल्या काँग्रेसपासूनचे प्रत्येक मत उतरवून घेता येते. ते काही तिथल्या सरकारने ताटात वाढलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासकांनी एकमेकांच्या हातात दिलेले काम आहे ते.

आणि सामग्री नाही असे रडण्यात पूर्ण तथ्यही नाही. दहाव्या परिशिष्टाआधीची लोकसभा पडून आहे. ऑगस्ट १९५६मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यावर मते पडली, तेव्हा महाराष्ट्रातला कोणता खासदार कुठे होता, हे आयडियल पॉइंटच्या अंगाने तपासलेला एकही लेख आमच्याकडे आलेला नाही. त्याही मागे जा. १९२१ नंतरच्या मुंबई लेजिस्लेटिव्ह कौन्सिलच्या जुन्या खंडांत मतविभागण्या नावांसह छापल्या आहेत. पक्षांतरबंदी नाही, पक्ष सैल, ब्राह्मणेतर, स्वराज्यवादी, जमीनदार, गुजराती व्यापारी, सिंधचे सदस्य, आंबेडकरांसारखे नियुक्त सदस्य, सगळे एका सभागृहात. फक्त सरकारी अधिकाऱ्यांचा गठ्ठा एकसाथ मत देतो, तो वेगळा काढावा लागेल. दुसऱ्या मितीत जात दिसते की जमीन, असा प्रश्न विचारायला याहून चांगली जागा आम्हाला माहीत नाही. पण तिथे धूळ आहे, आणि सर्व्हरवर धूळ नसते, म्हणून सगळे सतराव्या लोकसभेकडे धावतात.

म्हणून पुढच्या अंकापासून काही गोष्टी बदलत आहोत. मतांवर आधारलेल्या लेखासोबत मूळ यादी आली नाही तर लेख परीक्षकाकडे जाणार नाही. गैरहजर, सभागृहात असून मत न दिलेला, सभात्याग केलेला आणि शपथच न झालेला, यांना वेगवेगळे संकेतांक हवेत. नागरिकत्व दुरुस्तीला शिवसेनेने ९ डिसेंबर २०१९ला लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेतून सभात्याग केला. हा सभात्याग ज्याच्या मॅट्रिक्समध्ये नुसता ‘एनए’ म्हणून पडला आहे, त्याने महाराष्ट्राच्या राजकारणाबद्दल निष्कर्ष काढू नयेत. चिठ्ठीने दिलेली मते आणि नंतरच्या दुरुस्त्या स्वतंत्र रकान्यात. पॅकेज आपोआप घेते ते लॉप आणि किमान मतांचे आकडे का ठेवले किंवा का बदलले, ते एका वाक्यात. अँकर कोणते खासदार धरले तेही नावानिशी, आणि दुसरे धरले तर क्रम किती हलतो ते.

प्रत्येक वाचकाने एक अधिवेशन उचलावे अशी आमची मागणी आहे. लोकसभेचे उचला, विधान परिषदेचे उचला, कौन्सिलचा एखादा खंड उचला. वाचनालयात बसून टंकायला एखादा महिना लागेल. कोणी काय घेतले हे आम्ही अंकात छापत जाऊ, म्हणजे दोघे एकाच पानावर राबणार नाहीत. ज्यांच्याकडे तयार याद्या आहेत त्यांनी ‘स्वच्छ’ होण्याची वाट न पाहता आहेत तशा द्याव्यात, चुका आपण मिळून काढू. ज्यांना विधिमंडळात ओळखी आहेत त्यांनी आपापल्या आमदाराला एवढेच सांगावे की पुढच्या वेळी मतविभागणी मागा आणि नावे नोंदवायला लावा. आमदाराला त्यात तोटा असेल तर तोही आम्हाला कळवा, तोही विदाच आहे.

याद्या युनिकोडमध्येच पाठवाव्यात. श्रीलिपीतल्या फाइली उघडल्या जाणार नाहीत.