स्पर्धा भरवली, शिडी बांधलीच नाही

ऑक्टोबर 2013 मध्ये दिल्लीत पहिली इंडियन ओपन झाली आणि मुंबईचा आदित्य मेहता थेट अंतिम फेरीत पोहोचला. व्यावसायिक स्नूकरच्या रँकिंग स्पर्धेत इतकी मजल मारणारा तो पहिला भारतीय. उपांत्य फेरीत त्याने स्कॉटलंडच्या स्टीफन मग्वायरला घरी पाठवले. अंतिम सामना मात्र चीनच्या डिंग जुनहुईने 5-0 असा एकतर्फी जिंकला. पुढे ही स्पर्धा आणखी चार वेळा भारतात झाली. 2015 मध्ये मुंबईत वेल्सचा मायकेल व्हाइट, 2016 मध्ये हैदराबादला स्कॉटलंडचा अँथनी मॅकगिल, 2017 मध्ये विशाखापट्टणमला जॉन हिगिन्स आणि 2019 मध्ये कोचीला इंग्लंडचा मॅथ्यू सेल्ट विजेता ठरला. या चारपैकी एकाही अंतिम सामन्यात भारतीय खेळाडू नव्हता. 2019 नंतर तर स्पर्धाच झाली नाही. आपले खेळाडू कमी पडले, असे म्हणून हा विषय सहज मिटवता येईल. पण पाच वर्षांचे निकाल एकत्र ठेवून वाचले तर दोष खेळाडूंपेक्षा व्यवस्थेकडे जातो. जागतिक स्पर्धेचे यजमानपद आपण घेतले, त्या स्पर्धेपर्यंत खेळाडूला चढता येईल अशी शिडी मात्र बांधली नाही.

पाच विजेत्यांपैकी व्हाइट, मॅकगिल आणि सेल्ट या तिघांनी कारकिर्दीतले पहिले रँकिंग विजेतेपद भारतात मिळवले. हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. इंडियन ओपनमध्ये अंतिम फेरीपर्यंतचे सामने जास्तीत जास्त सात फ्रेमचे होते, म्हणजे आधी चार फ्रेम जिंकेल तो पुढे. अंतिम सामन्यालाही पाचच फ्रेम पुरत. जागतिक अजिंक्यपद जिंकायला अंतिम सामन्यात 18 फ्रेम लागतात. तिथे अनुभवी खेळाडूला चुका सावरायला दोन दिवस मिळतात. छोट्या सामन्यात तशी सवड नसते. त्या दिवशी ज्याचा क्यू चालतो, तो मोठ्या नावाला हरवू शकतो. त्यात भारताचा दौरा, वेगळी हवा आणि परक्या टेबलांशी जमवून घेण्याची कसरत पाहुण्यांच्या वाट्याला. पहिले विजेतेपद शोधणाऱ्या खेळाडूसाठी यापेक्षा अनुकूल स्पर्धा क्वचितच मिळते. ती आपल्याच देशात, आपल्याच प्रेक्षकांसमोर होत होती आणि तिचा लाभ ब्रिटनच्या खेळाडूंनी उठवला. छोट्या सामन्यांचे निकाल नशिबाचे असतात, त्यांतून धडा कसला काढायचा, असे कोणी म्हणेल. पण डिंग आणि हिगिन्ससारखे मुरलेले खेळाडूही याच नियमांखाली जिंकले. आणि मेहताची झेप नशिबाची नव्हती. त्याच वर्षी कोलंबियातल्या काली इथे झालेल्या जागतिक क्रीडा स्पर्धेत त्याने स्नूकरचे सुवर्णपदक जिंकले होते आणि पुढच्याच वर्षी व्यावसायिक सामन्यात 147 चा सर्वोच्च ब्रेक नोंदवला.

गुणवत्तेचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. कोणत्याही खेळात जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईचे मायकेल फरेरा तीनदा जगज्जेते झाले. 1984 मध्ये ओम अगरवाल यांनी हौशी स्नूकरचे जागतिक अजिंक्यपद आणले, 1989 मध्ये मुंबईच्या यासिन मर्चंट यांनी आशियाई विजेतेपद मिळवले. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणीने तर बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून दोन डझनांहून अधिक जागतिक किताब जिंकले. स्नूकरचा जन्मही 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. इतका वारसा असूनही एकाही भारतीयाच्या नावावर आजवर रँकिंग विजेतेपद नाही. थायलंडच्या जेम्स वट्टानाने ते नव्वदच्या दशकात मिळवले, हाँगकाँगच्या मार्को फूने 2007 मध्ये, इराणच्या हुसेन वफाईने 2022 मध्ये. चीनच्या खेळाडूंच्या विजेतेपदांची यादी तर लांबलचक आहे.

या फरकाचे मूळ हौशी आणि व्यावसायिक स्नूकरच्या वेगळ्या हिशेबात आहे. हौशी जागतिक स्पर्धा वर्षातून काही दिवसांची असते. खेळाडू तयारी करून जातो, जिंकतो, परत येतो. व्यावसायिक टूर वर्षभर चालते. तिच्यावर जवळपास 128 खेळाडू असतात, नव्या खेळाडूला दोन वर्षांचे कार्ड मिळते आणि त्या मुदतीत पहिल्या 64 जणांत जागा मिळाली नाही तर कार्ड जाते. क्रमवारी आता दोन वर्षांत कमावलेल्या बक्षिसाच्या रकमेवर ठरते. नवा खेळाडू सुरुवातीचे बहुतेक महिने हरतच असतो. प्रवास, निवास आणि सरावाचा खर्च मात्र हरण्याने थांबत नाही. पात्रता सामने बहुतांशी इंग्लंडमध्ये होतात. भारतात होणाऱ्या इंडियन ओपनसाठीही बहुतेकांना तिकडेच पात्र ठरावे लागे. म्हणजे मुंबईच्या मुलालाही मुंबईतली स्पर्धा खेळण्यासाठी बहुधा आधी इंग्लंड गाठावे लागायचे. आपल्याकडे प्रोत्साहनाची सारी रचना मात्र पदकाभोवती उभी आहे. रोख पारितोषिके, राष्ट्रीय पुरस्कार, सार्वजनिक तेल कंपन्यांतल्या नोकऱ्या या सगळ्यांचे दार हौशी पदकाने उघडते. या नोकऱ्यांनी अनेक खेळाडूंची घरे सावरली, हे मोलाचेच आहे. पण रँकिंग स्पर्धेत पहिल्या सोळांत पोहोचण्यासाठी वर्षभर परदेशात झगडणाऱ्याच्या कष्टांना या मोजमापात फारशी जागा नाही.

अडवाणीने 2014 मध्ये टूरचे कार्ड स्वेच्छेने सोडले, मग व्यवस्थेला दोष का, असा प्रश्न येतो. त्याचा निर्णय त्याचा होता आणि पुढची विजेतेपदे पाहता तो चुकला असे कोणी म्हणू शकत नाही. पण त्याच्या दर्जाच्या खेळाडूसमोरही निवड अशी होती की एका बाजूला मायदेश, पदके आणि सन्मान, तर दुसऱ्या बाजूला परक्या शहरात एकट्याने काढायची वर्षे. अशा तराजूत व्यावसायिक स्नूकरचे पारडे वर जाणार, हे उघड होते. ते खाली आणण्याची जबाबदारी एकट्या खेळाडूवर टाकता येणार नाही.

चीनने हे पारडे कसे खाली आणले ते पाहण्यासारखे आहे. डिंग जुनहुईने 2005 मध्ये बीजिंगच्या चायना ओपनमध्ये अंतिम सामन्यात स्टीफन हेंड्रीला 9-5 असे हरवले तेव्हा तो जेमतेम अठरा वर्षांचा होता. दोन वर्षे आधीच तो व्यावसायिक झाला होता आणि इंग्लंडमध्ये राहून खेळत होता. त्याच्या मागोमाग चिनी मुले इंग्लंडमधल्या शेफील्डला आली, तिथे त्यांच्यासाठी प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली, एकाच छताखाली डझनभर जण रोज एकमेकांशी आणि जगातल्या उत्तम खेळाडूंशी सराव करू लागले. मायदेशातही रँकिंग स्पर्धा होत राहिल्या. या सगळ्याचे फळ 2025 मध्ये दिसले. झाओ शिनतोंगने मार्क विल्यम्सला 18-12 असे हरवून जागतिक अजिंक्यपद पटकावले आणि तो आशियाचा पहिला विश्वविजेता झाला. या मार्गाचा काळा भागही लपवण्याचे कारण नाही. 2023 मध्ये सामनानिश्चितीच्या प्रकरणात दहा चिनी खेळाडूंवर कारवाई झाली. दोघांवर आजन्म बंदी आली आणि झाओलाही वीस महिने बाहेर बसावे लागले. परदेशात तरुण मुले, त्यांच्यावर पैशाचा ताण आणि भोवती वाईट संगत, हे मिश्रण धोक्याचे असते. मुलांना बाहेर पाठवूच नये, असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. पाठवलेल्या मुलांच्या खर्चाची हमी आणि त्यांच्यावर वडीलधाऱ्या मार्गदर्शकाचे लक्ष हवे, हा यातून घ्यायचा बोध आहे.

स्नूकर हा जिमखान्यांतल्या श्रीमंतांचा खेळ, त्यावर सार्वजनिक पैसा का खर्च करायचा, हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. पूर्ण आकाराचे टेबल महाग, जागा खाणारे आणि सतत निगा मागणारे असते. पण खेळ श्रीमंतांपुरता राहतो तो याच कारणाने. ज्याला क्लबचे सदस्यत्व परवडते तोच शिकतो आणि ज्याचे वडील इंग्लंडचा खर्च उचलू शकतात तोच टूरवर टिकतो. सार्वजनिक मदतीने नेमकी ही गाळणी बदलता येईल. ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळाला सरकारने प्राधान्य द्यावे, अशी माझी मागणी नाही. मोजक्या खेळाडूंचा दोन वर्षांचा खर्च ही क्रीडा अंदाजपत्रकाच्या मानाने लहान रक्कम आहे आणि ती सरकार, महासंघ व उद्योग यांनी वाटून घेता येते.

म्हणून इंडियन ओपन पुन्हा सुरू व्हावी, पण पूर्वीच्या पद्धतीने नको. पाच स्पर्धा पाच शहरांत झाल्या. एकाही शहराला ती दुसऱ्यांदा मिळाली नाही, त्यामुळे तिचा प्रेक्षक कुठेच तयार झाला नाही. जागतिक अजिंक्यपद 1977 पासून शेफील्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात होते. त्या शहराची आणि खेळाची ओळख एकमेकांत मिसळली ती या सातत्याने. आपणही एक शहर ठरवावे. क्लब, आजी-माजी खेळाडू आणि प्रायोजक यांचा विचार केला तर मुंबईचा हक्क पहिला आहे. जागतिक संघटनेशी करार करताना काही पात्रता सामने भारतात घेण्याची अट घालावी. टूर कार्ड मिळवणाऱ्या प्रत्येक भारतीयाला दोन वर्षे निवास, प्रवास आणि प्रशिक्षकाचा खर्च द्यावा आणि त्याच्या रँकिंगमधल्या प्रगतीला पदकाइतकेच वजन द्यावे. मुंबईच्या ईशप्रीत सिंग चढ्ढासारखा खेळाडू आज टूरवर झगडतो तो मुख्यतः स्वतःच्या हिमतीवर. त्याच्यामागून येणाऱ्या मुलाला त्या हिमतीबरोबर भक्कम आधारही मिळायला हवा. भारतीय महासंघाने आणि राज्य संघटनेने नवी स्पर्धा मागण्याआधी या आधाराची लेखी योजना जाहीर करावी. ती नसेल तर पुढच्या इंडियन ओपनचा करंडकही पाहुणाच घेऊन जाईल.