उसना हिवाळा

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी म्हैसूरच्या एका ब्रूपबमध्ये ‘ख्रिसमस एल’ मागवली. रंग चिंचेच्या कोळासारखा. पहिल्या घोटाला जायफळ लागलं आणि श्रीखंडाची आठवण झाली, दुसऱ्याला लवंग लागली आणि दंतमंजनाची. त्यामागे भाजक्या माल्टचा छान कडवट गोडवा असावा असा नुसता संशय येत होता, कारण पेला दात शिवशिवतील इतका गार होता. ही जातीने कडक, काळसर बिअर दहा-बारा अंशांवर प्यायची असते. मी पेला तळहातांत धरून बसलो, तेव्हा कुठे ती थोडी बोलू लागली. वाईट नव्हती. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा.

मेनूकार्डावर हिमकण छापले होते. म्हैसूरला ऐन डिसेंबरात रात्री पारा सोळा-सतरापर्यंत उतरतो आणि कानटोप्या बाहेर येतात. हिमकण कुणाचे?

युरोपातल्या हिवाळी बिअरला कारण होतं. नॉर्वेच्या जुन्या गुलातिंग कायद्याने शेतकऱ्याला नाताळासाठी बिअर गाळणं सक्तीचं केलं होतं, न गाळणाऱ्याला दंड होता. बव्हेरियात 1553 पासून उन्हाळ्यात बिअर गाळायलाच बंदी होती, उकाड्यात ती नासायची म्हणून. म्हणजे ऋतू आधी, बिअर मागून. आपल्याकडे टाकी बारा महिने यंत्राने थंड ठेवतात, बार्ली राजस्थान-हरियाणाकडची रब्बीची, कापणी मार्च-एप्रिलात. मग या पेल्यात डिसेंबर आहे कुठे? फक्त मसाल्यात. आणि तो मसाला तर इथून शंभरेक किलोमीटरवरच्या कोडगूत आणि त्यापलीकडे मलबारात पिकतो! आपलीच लवंग लंडनच्या पत्त्यावर जाऊन ‘ख्रिसमस’ होऊन परत आली की आपण तिला जास्त पैसे देतो.

म्हैसूरचा खरा डिसेंबर शहराबाहेर पडलात की चाकाखाली येतो. रागीची, म्हणजे आपल्या नाचणीची, कापणी झालेली असते आणि कणसं मळणीसाठी चक्क डांबरी रस्त्यावर पसरलेली असतात. या धान्याला मोड आणणं, वाळवणं, भाजणं, दळणं इथल्या घराघरांत चालतं. दुसऱ्या शब्दांत, माल्ट करणं चालतं. नाचणीसत्त्वावर वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. धान्यांवर संशोधन करणारी सीएफटीआरआय ही राष्ट्रीय संस्था 1950 पासून याच शहरात आहे. आणि सिक्कीम-नेपाळकडचे लिंबू लोक याच धान्याची आंबवण लाकडी पात्रात भरून, वर कढत पाणी ओतून, नळीने ओढतात. तोंगबा! थंडीची याहून प्रामाणिक बिअर मला माहीत नाही.

ब्रूअर सांगतील की रागी त्रासदायक आहे. खरं आहे. दाणा बारीक, बार्लीसारखं टरफल नाही, त्यामुळे गाळताना लगदा बसतो. पण निम्मी बार्ली मिसळली तर वाट निघते, आणि जो माणूस संत्र्याची साल किसत बसतो त्याला एवढा खटाटोप जड जाऊ नये.

हा स्वदेशीचा झेंडा नाही. बार्ली परकी नाही, हॉप्स परके आहेत म्हणून मला ते कडू लागत नाहीत. दारू आपल्या संस्कृतीत बसत नाही म्हणणाऱ्यांशीही आज वाद नाही, ते वर्षभर बोलतच असतात. माझं भांडण आळसाशी आहे. (डिसेंबर आला की आमच्या कवितांतही उगाच धुकं आणि शेकोटी येते, ज्या कवीने आयुष्यात शेकोटी पेटवली नाही त्याच्याही. तोच हा आळस.)

बिल देताना मी वेटरला विचारलं, रागीची काही बिअर ठेवता का? तो मनापासून हसला. “रागी मुद्दे पाहिजे का सर? समोरच्या मेसमध्ये मिळेल. इथे नाही.”

मेसमध्ये गेलो. मुद्दे गरम होतं, सोबत अवरेकाळूचं, आपल्या पावट्याचं, सारू. पावटा ताजा होता, नुकताच बाजारात आलेला. फक्त प्यायला पाणी होतं.