तारा प्रयोगशाळेत मावतो का?

१००६ साली एक तारा स्फोट पावून आकाशात झळकला. त्याचे अवशेष सुमारे ७,००० प्रकाशवर्षे दूर आहेत. तेथील आघात-तरंगात इलेक्ट्रॉनांना प्रचंड ऊर्जा मिळते, हे १९९५ साली क्ष-किरणांवरून दिसून आले. पण ती मिळते कशी? तेथे जाऊन पाहणे तर अशक्य!

म्हणून अमेरिकेत लिव्हरमोर येथे शास्त्रज्ञांनी कार्बनयुक्त दोन पातळ चकत्या समोरासमोर ठेवून त्यांवर शक्तिशाली लेसर किरण सोडले. चकत्यांतून उसळलेले प्लाझ्माचे झोत एकमेकांत घुसले. अशा विरळ, वेगवान प्लाझ्मात कणावर कण क्वचितच आदळतो. कणांना अडवतात ती त्यांच्याच प्रवाहांमुळे निर्माण झालेली चुंबकीय क्षेत्रे. अवकाशातही असेच घडते. येथेही आघात-तरंग उठला व काही इलेक्ट्रॉन अतिशय वेगवान झाले, असे २०२० साली प्रसिद्ध झाले.

'एवढ्याशा जागेत कसला आलाय तारा?' असे कोणी म्हणेल. पण खडकवासल्याच्या जल संशोधन केंद्रात धरणाच्या छोट्या प्रतिकृतीवरून पुराचा अभ्यास होतोच ना? आकार नव्हे, योग्य गुणोत्तरे जुळावी लागतात. मात्र सगळेच जुळत नाही. ताऱ्याचा तरंग हजार वर्षे धावतो आहे; प्रयोगातला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आत संपतो.

म्हणून 'शास्त्रज्ञांनी तारा बनवला' म्हणणे चूक, आणि प्रयोगाला पोरखेळ म्हणणेही चूक. वर्गात कोणतीही प्रतिकृती समोर आली की दोन प्रश्न विचारा : मूळ वस्तूशी काय जुळते? आणि काय जुळत नाही?