हेड कुठलं घालायचं?

गेल्या एप्रिलात आमच्या दादाचा ट्रक आंबा घाटात बंद पडला. रत्नागिरीकडून जांभ्याचे चिरे भरून कोल्हापूरला येत होता. भर दुपार, पूर्ण लोड, चढ. इंजिन तापलं, वाफ आली आणि संपलं. दुसऱ्या गाडीने ओढून आणावा लागला.

नातेवाइकांपैकी बरेच जण फोनवर एकच विचारत होते, "मग हेड कुठलं घालताय?" त्यांच्यासाठी आणि ज्यांना हेड म्हणजे काय हे माहीत नाही अशा ब्लॉगवाल्या मित्रमंडळींसाठी हे लिहितेय. (दादा, तूही वाचणार आहेस हे माहीत आहे. वाच.)

गाडी जुनी टाटा, इंजिन कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरी. या इंजिनाला सहाही सिलिंडरवर मिळून एकच अख्खं बिडाचं हेड असतं. दोन माणसांनी उचलायची वस्तू. त्यामुळे एका सिलिंडरपाशी तडा गेला तरी सगळंच हेड उतरतं. आमच्या हेडला दोन ठिकाणी तडे होते, इनलेट आणि एक्झॉस्ट वॉल्व्हच्या मधल्या अरुंद पट्टीत. तिथे उष्णता सगळ्यात जास्त आणि धातू सगळ्यात कमी. मिस्त्रींनी बोट ठेवून दाखवलं. केसाएवढी रेघ, पण खाली पाण्याच्या पोकळीपर्यंत गेलेली. सांधून भागणार नव्हतं.

उरले तीन पर्याय. कंपनीचं नवं, बिनब्रँडचं स्वस्त नवं, नाहीतर भंगारातल्या गाडीचं काढलेलं. माझं मत अर्थातच कंपनीचं नवं. पुण्यात बसून असंच मत होतं माणसाचं. दादा म्हणाला, "तू पैसे देणार असशील तर घालू." विषय संपला. स्वस्त नवं हेड मात्र मिस्त्रींनीच नाकारलं. दिसायला चकचकीत, पण पाण्याच्या वाटांमध्ये ओतकामाची वाळू तशीच राहिलेली त्यांनी पाहिली होती. ती सुटली की पाण्याबरोबर फिरणार. (शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत इंजिनांची हेडं ओतली जातात आणि कोल्हापूरचे आम्ही हेडासाठी भंगारात हिंडतोय, याची गंमत वाटली.)

भंगारातलं घ्यायचं तर ते तपासून घ्यायचं, एवढं मला त्या आठवड्यात कळलं. पाण्याच्या वाटा बंद करून हेड गरम पाण्यात बुडवतात आणि आत दाबाने हवा सोडतात. पहिल्या हेडाला बारीक बुडबुडे आले, परत पाठवलं. दुसऱ्याला आले नाहीत. मग त्याची उंची मोजली, कारण हेड किती वेळा घासून सपाट केलंय ते तोंडी कोणी खरं सांगत नाही. जास्त घासलं असेल तर वॉल्व्ह आणि इंजेक्टर पिस्टनच्या जवळ येतात. उंची मापात बसली. ब्लॉकवरही पट्टी ठेवून फीलर गेज फिरवलं, बोअर मोजले. या इंजिनाला वेगळे लायनर नसतात, म्हणजे बोअर ओरखडला असता तर खर्च कुठल्या कुठे गेला असता. सुदैवाने वाचले. वॉल्व्ह सीट आणि गाइड नवे टाकून तेच हेड बसवलं, आणि आता मला वाटतं की दादाचा निर्णय बरोबर होता.

पण माझं भांडण हेडाशी नाहीच.

हे सगळं चाललं असताना दादाने ठरवून टाकलं होतं की खर्चातला काही भाग मामांच्या पगारातून कापायचा. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर, आप्पांच्या वेळेपासूनचे. दादाचं म्हणणं, गरम झाल्यावर गाडी लगेच थांबवायला हवी होती. मामा म्हणाले, "ताई, वळणावर चिऱ्यांची गाडी कुठं थांबवू? मागनं येष्टी होती." एक वळण ते पुढे गेले, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. लपवलं नाही.

मी मिस्त्रींना विचारलं, मुळात तापलीच का? त्यांनी थर्मोस्टॅटची जागा उघडून दाखवली. आत थर्मोस्टॅटच नव्हता. काही वर्षांपूर्वी आप्पांनीच काढायला लावला होता, "आपल्याकडे एवढा उन्हाळा, कशाला हवी ती भानगड" म्हणून. हे अनेक जण करतात. पण ती झडप दोन कामं करते. साधारण ८२-८३ अंशांना रेडिएटरची वाट उघडायला लागते आणि पूर्ण उघडली की पंपाकडे परत जाणारी आडवाट बंद करते. झडपच काढली तर ती आडवाट कायम उघडी. बरंचसं पाणी रेडिएटरला न जाताच गरमागरम इंजिनात परत येतं. सपाटीवर कळत नाही, घाटात कळतं. त्यात आपण वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी ओतलेलं, आत क्षारांचा थर. आणि डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा दिवाळीपासून बंद. मामांनी दोनदा सांगितलं होतं. दादाला आठवतंय, मी विचारून घेतलंय.

मग एका वळणाचा हिशोब मांडायचा आणि इतक्या वर्षांच्या आडवाटेचा मांडायचा नाही, हे कुठलं गणित? हेड निवडायला आपण आठवडा घालवला, बुडबुडे मोजले. दोष ठरवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. आप्पा आज असते तर त्यांच्या पगारातून कापणार होतो का आपण?

असो. नवा थर्मोस्टॅट बसलाय, कूलंट भरलंय, काटा चालू झालाय. परवा मामांचाच फोन आला होता, पुन्हा चिरे भरून घाट चढले, काटा ८५च्या पुढे गेला नाही म्हणाले. पगाराबद्दल दादाला विचारलं तर "बघू" म्हणाला. पुढच्या रविवारी पुन्हा विचारणार आहे.