शिस्त मंडळीला, सूट पाळकाला

मंडळीची शिस्त म्हणजे काय, असं चंद्रपूर-बल्लारपूरच्या कुठल्याही ख्रिस्ती घरात विचारा. उत्तर बहुतेक वेळा कुणाच्या तरी मुलीच्या लग्नापासून सुरू होतं. तिनं बौद्ध किंवा हिंदू मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, मग तिचं प्रभुभोजन बंद झालं, मग सभासदांच्या वहीतून तिचं नाव गेलं. दुसरं उदाहरण मागितलं तर कुणाची तरी दारू निघते. तिसरं मागितलं तर लोक आठवू लागतात. अर्पणाचा हिशेब दिला नाही म्हणून पाळकाला मंडळीसमोर उभं केलं, किंवा आवारातल्या गाळ्यांचं भाडं कुठे गेलं हे सांगितलं नाही म्हणून एखाद्या पंचाचं प्रभुभोजन थांबवलं, असं उदाहरण मी लहानपणापासून एकदाही ऐकलेलं नाही.

मी चंद्रपूरचा, ख्रिस्ती घरातला. इंजिनिअरिंग करून आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सुट्टीला घरी गेलो की रविवारी उपासनेला जातो आणि पुढेही जाणार आहे. मंडळीला शिस्त नको असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की जी शिस्त नेत्यांपासून सुरू होत नाही तिला शिस्त म्हणू नये. ती वहीची मालकी असते.

आमच्या भागात ही वही वेगवेगळ्या हातांत आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चनं चांद्यात मिशन सुरू केलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झालं. १९६२ पासून केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांचं चांद्यात स्वतंत्र क्षेत्र आहे आणि १९७७ पासून तो पूर्ण धर्मप्रांत आहे. याखेरीज कोळसा खाणींच्या वसाहतींत आणि गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत स्वतंत्र प्रार्थना मंडळ्या आहेत. त्यांना ना बिशप, ना सिनॉड. एक पास्टर, त्याची पत्नी, एक खोली, एक ढोलकी.

कॅथलिकांमध्ये पॅरिश कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतं असतं. सी.एन.आय.मध्ये निवडून आलेली समिती असते. स्वतंत्र मंडळीत पास्टर हाच घटना, समिती आणि खजिनदार. रचना तीन तऱ्हांच्या, पण शिस्तीचा ओघ तिन्हीकडे वरून खालीच.

सभासदांची वही ही निव्वळ नावांची यादी नसते. लेकराचा बाप्तिस्मा, चर्चमधलं लग्न, दफनभूमीतली जागा, सगळं त्या नोंदीला चिकटलेलं असतं. वार्षिक सभेतलं मतही तिच्यावरच ठरतं. पुष्कळ मंडळ्यांच्या मिळकती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज जातो. जिथे विश्वस्त निवडणुकीनं येतात, तिथे ते कोण निवडणार हे सभासदांची वही ठरवते. म्हणजे ही वही मतदारयादीसुद्धा आहे. शिस्तीच्या नावाखाली नाव कापलं की आत्म्याची काळजी घेतली जाते की नाही ते देव जाणे, पण एक मत नक्की कमी होतं.

माझ्या ओळखीच्या एका मंडळीत हे डोळ्यांसमोर घडलं. नाव सांगत नाही, कारण प्रकार एका मंडळीपुरता नाही. एका निवृत्त गृहस्थांनी वार्षिक सभेत भाड्याच्या उत्पन्नाबद्दल विचारलं. पुढच्या वर्षीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. कारण तोंडी सांगितलं गेलं, उपस्थिती अनियमित. उपस्थितीचं रजिस्टर मागितलं तर तसं रजिस्टर कधी ठेवलंच नव्हतं. माझ्या कामाच्या जागी कालच आलेला ट्रेनीसुद्धा चालू प्रणालीतली एक ओळ परस्पर बदलू शकत नाही. कुणी बदललं, कधी बदललं, का बदललं, कुणी तपासून मान्यता दिली, हे सगळं लॉगमध्ये राहतं. ॲपमधल्या एका बटणासाठी आम्ही एवढं करतो. इथे तर एका माणसाचा घास, मत आणि माती यांचा प्रश्न होता.

यावर उत्तर ठरलेलं असतं: शास्त्रात लिहिलंय. मग शास्त्रच उघडू. शिस्तीसाठी नेहमी पुढे केला जातो तो मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय. त्यात क्रम दिलेला आहे. आधी चुकणाऱ्याकडे एकट्यानं जायचं. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर न्यायचं. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांगायचं. मंडळीला, म्हणजे बंद खोलीत बसलेल्या पाच पंचांना नव्हे. आणि मंडळीचंही ऐकलं नाही, तर त्याला विदेशी किंवा जकातदारासारखा समजायचं. आमच्याकडे पहिल्या तीन पायऱ्या गाळून थेट चौथीवर उडी मारतात. पण येशू जकातदाराशी कसा वागला, हे विचारायचं राहूनच जातं. तो त्यांच्या पंगतीला बसला. ज्याच्या नावानं हे शुभवर्तमान ओळखलं जातं तो मत्तय स्वतः जकातदार होता. त्याला जकातीच्या नाक्यावरून उठवून बरोबर घेतलं होतं.

आणखी एक गोष्ट. हा अध्याय सुरू होतो तो शिष्यांच्या प्रश्नानं, की स्वर्गाच्या राज्यात सगळ्यांत मोठा कोण. उत्तर म्हणून येशू एका लेकराला मध्ये उभं करतो. मग हरवलेल्या मेंढराची गोष्ट येते, मग शिस्तीचा क्रम, आणि शेवटी क्षमा किती वेळा करायची हा पेत्राचा प्रश्न. पुढचामागचा मजकूर कापून मधल्या तीन ओळी हातात घेणं याला शास्त्र पाळणं म्हणत नाहीत. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचंही तेच. वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, हे वचन प्रत्येक पाळकाला तोंडपाठ. त्याला लागून पुढचं वचन पाप करणाऱ्यांना सगळ्यांदेखत दोष द्यायला सांगतं. तिथपर्यंत वाचन पोचत नाही.

वरच्यांना शिस्त नसली की काय होतं? सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेनं जबलपूरच्या बिशपांच्या घरावर छापा घातला आणि १ कोटी ६५ लाखांची रोकड सापडल्याचं जाहीर केलं. हे बिशप तेव्हा सी.एन.आय.चे मॉडरेटर, म्हणजे सर्वोच्च पदाधिकारी होते. चारच दिवसांत त्यांना नागपूर विमानतळावर अटक झाली. ज्या नागपुरात चर्च जन्मलं तिथेच. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवेल. माझा प्रश्न वेगळा आहे. चर्चनं त्यांना पदावरून दूर केलं ते पोलीस येऊन गेल्यावर. पोरीनं रजिस्ट्रार कचेरीत सही केली की रविवारच्या आत खबर लागते, आणि मॉडरेटरवरच्या आरोपांची दखल घ्यायला सरकारी गाडी यावी लागते, ही कुठली शिस्त?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. आपण मूठभर आहोत, घरची धुणी चव्हाट्यावर नेऊ नयेत, बाहेर वातावरण कसं आहे ते दिसत नाही का? दिसतं. गडचिरोलीच्या पलीकडे बस्तर आहे. तिथल्या छिंदवाडा गावात एका पाळकाचं जानेवारी २०२५ मध्ये निधन झालं आणि गावानं त्याला गावच्या मातीत जागा नाकारली. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींचे दोन वेगळे निकाल आले, आणि अखेर वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्याचा आदेश झाला. तोवर देह शवागारात होता. त्याच वर्षी कांकेरच्या काही गावांनी पेसा कायद्याचं नाव घेऊन पाळकांना प्रवेशबंदीचे फलक लावले.

म्हणूनच तर हे आज बोलायला हवं. प्रार्थनेला जातो म्हणून ज्याला गावानं वाळीत टाकलं, त्याला मंडळीखेरीज उरतं काय? तीही त्याला पास्टरच्या मर्जीवर काढत असेल तर त्यानं कुठल्या झाडाखाली जावं? आणि गावाच्या बहिष्काराविरुद्ध निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीत जाणारे आपण, आपल्याच माणसाला दफनभूमीचं फाटक लावत असू, तर त्या निवेदनावर सही कुठल्या हातानं करायची?

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा अधिनियम आहे, २०१७ पासून लागू. जातपंचायती डोळ्यांसमोर ठेवून तो आला, पण धार्मिक विधी किंवा दफनभूमी अडवणं हेही त्यात येतं. दुसऱ्या बाजूला संप्रदायांना आपला कारभार पाहण्याचा संविधानिक हक्क आहे. त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये दाऊदी बोहरांच्या खटल्यात मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कारबंदी कायदा रद्द केला, आणि २०२३ मध्ये तो प्रश्न पुन्हा मोठ्या पीठाकडे पाठवला. न्यायालय ठरवेल तेव्हा ठरवेल. स्वतःची वही नीट ठेवायला कुणाच्या निकालाची गरज नाही.

त्याचे धडे घ्यायला रोम किंवा एडिंबरोला जायला नको. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पुरे. तिथे ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं ठरवते. निर्णयाआधी अभ्यासगटात विषय घोळवला जातो. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखातंच देणार, असा हट्ट होता. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्याला येऊन परवान्यांचं पुस्तक देवाजी तोफांच्या हाती दिलं. हक्क कागदावर आधीच होता. पुस्तक हातात आलं तेव्हा तो खरा झाला. ग्रामसभा म्हणजे सोवळी गोष्ट नव्हे. प्रवेशबंदीचे फलकही ग्रामसभांच्याच नावानं लागले. फरक असा की मेंढ्यात पुस्तक सगळ्यांसमोर असतं आणि एकट्याचा नकारही ऐकला जातो.

दुसरा धडा चंद्रपुरातच आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. त्याच्या सात वर्षं आधी, २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बौद्ध संघांची आठवण करून दिली होती. ठराव कसा मांडायचा, गणपूर्ती किती, मतं कशी मोजायची, गुप्त मतदान कसं घ्यायचं, याचे नियम भिक्खूंच्या सभांना होते. संसार सोडलेल्या माणसांनाही कार्यपद्धती लागते, तर गाळ्यांचं भाडं घेणाऱ्या पंचांना का नको?

आणि आपल्या घरातलंच हवं असेल तर नारायण वामन टिळक आहेत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवून. टिळकांची भजनं आपण दर रविवारी गातो. त्यांचा दरबार मात्र सोयीनं विसरतो.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. सभासदांची वही वर्षातून एकदा सगळ्यांसमोर वाचली जावी. नाव काढायचं तर आरोप लेखी हवा, त्या माणसाचं म्हणणं ऐकलं जावं आणि निर्णय सभेनं घ्यावा. शिस्तीला मुदत असावी आणि परत येण्याची वाट आधीच सांगितलेली असावी. पाळकावर किंवा पंचावर आरोप असेल तर चौकशीला बाहेरची माणसं बसावीत, आरोपीनं अध्यक्षाची खुर्ची सोडावी. तपासलेला हिशेब दारावर लागावा. माती कुणालाही नाकारली जाऊ नये. स्वतंत्र मंडळीत समिती नसेल तर आधी समिती निवडावी, आणि तिच्यात पास्टरची पत्नी सोडून इतर बायकाही असाव्यात.

वार्षिक सभा बहुतेक ठिकाणी हिशेबाचं वर्ष संपल्यावर होते. चहा-बिस्किटं यायच्या आधी हात वर करा आणि वही मागा. तुमचं नाव तिच्यात आहे का ते बघा. मग गेल्या पाच वर्षांत कुणाकुणाची नावं गेली ते विचारा, आणि त्यांतल्या किती जणांनी त्याआधी हिशेब मागितला होता, तेही.