शेवटचे पान नसलेली रहस्यकथा

बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेल्या वाचकाची एक खात्री असते : झुंजार कितीही संकटात सापडो, शेवटच्या पानाआधी सारे उलगडणार. मग दिवा मालवून स्वस्थ निजावे! रहस्यकथेचा आणि आपला हा जुनाच करार आहे. दक्षिण कोरियातले चित्रपट तो खुशाल मोडतात. आमचे विद्यार्थी ‘ओल्डबॉय’ आणि ‘पॅरासाइट’ यांची नावे घेतात. तेही पाहावेत, पण आधी पाहावा तो बाँग जून-हो यांचा २००३ सालचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’.

कथेचा आधार खरा आहे. सोलच्या दक्षिणेस ह्वासाँग भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा जणींचे खून झाले. कोणी म्हातारी, कोणी शाळकरी पोर. चित्रपटातल्या गावठी फौजदाराला वाटते, माणसाच्या डोळ्यांत पाहिले की आपल्याला सारे कळते. कळत काहीच नाही; मग तो बुटाचा खोटा ठसा उमटवतो, एका भोळसट पोराला बडवून कबुलीजबाब घेतो. एका रात्री जादा शिपाई मागवले जातात, ते मिळत नाहीत. कारण सगळे निदर्शने मोडायला गेलेले! त्या राजवटीबद्दल आणखी काय सांगायला हवे?

खुनी सापडत नाही. पुष्कळ वर्षांनी, नोकरी सोडलेला तो फौजदार त्याच शेतात येतो आणि थेट प्रेक्षकांकडे पाहतो. खुनी कधीतरी हा चित्रपट पाहील, तेव्हा त्याच्या नजरेला नजर भिडावी, अशी दिग्दर्शकाची कल्पना होती.

पुढचा भाग पडद्याबाहेर घडला. २०१९ साली डीएनए-तपासणीने खुनी उघडकीस आला. तो दुसऱ्याच एका खुनासाठी १९९४ पासून तुरुंगात होता! जुन्या खुनांची मुदत उलटून गेल्यामुळे त्यांचा खटला भरता आला नाही. न्यायालयात साक्ष देताना तो म्हणाला की, तो चित्रपट आपण तुरुंगात पाहिला; मनाला काही वाटले नाही.

मग ती नजर वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. या खुनांपैकी एकासाठी एका निरपराध माणसाने सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढली होती. मारझोड करून त्याच्याकडून कबुली घेतली गेली होती. डिसेंबर २०२० मध्ये तो निर्दोष ठरला. अशा वेळी ‘कोणीतरी पकडा एकदाचा’ म्हणून ओरडणारे कोण असतात? आपणच की! फौजदाराची ती नजर आपल्यावरच येऊन थांबते.

सुटीत चित्रपट जरूर पाहा. मुलांना मात्र आधी निजवा. आणि आपल्याला लगेच झोप लागेल, ही आशा सोडा.