विश्लेषण : एबीसीडी तोंडपाठ, तरी इंग्रजी वाचता का येत नाही? पायऱ्या नेमक्या कुठे चुकतात?

पहिलीपासून हिंदी हवी की नको, यावर २०२५ मध्ये राज्यात रान पेटले. १६ एप्रिलचा शासन निर्णय १७ जूनला बदलला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द केल्याची घोषणा झाली. या गदारोळात इंग्रजीचा विषय मागेच राहिला. ती तर २००० सालापासून पहिलीत आहे. त्याआधी पाचवीपासून होती. मग इतक्या वर्षांत मुले इंग्रजी वाचू लागली का?

आकडे काय सांगतात?

'असर'च्या २०२२ च्या अहवालानुसार, देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील फक्त २४.५ टक्के मुलांना साधी इंग्रजी वाक्ये वाचता आली. २०१६ मध्ये हे प्रमाण २४.७ टक्के होते. आठवीतही ते निम्म्याखालीच, म्हणजे ४६.७ टक्के आहे.

गुहागरसारख्या तालुक्यात हा प्रश्न थेट शाळेच्या पटाशी जोडलेला आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० पटापर्यंत दोनच शिक्षक. वाडीवरच्या शाळेत सगळ्या इयत्ता त्या दोघांत वाटायच्या. 'इंग्रजी येत नाही' म्हणून चार मुले इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसली, तर छोट्या पटाला ते परवडत नाही.

गफलत कुठे होते?

मराठीत 'क' या अक्षराचे नाव आणि उच्चार एकच. इंग्रजीत तसे नाही. सी, ए, टी ओळीने म्हटले तर 'सीएटी' होते, 'कॅट' होत नाही. आपण मुलांना अक्षरांची नावे पाठ करायला लावतो आणि वाचन आपोआप येईल असे धरून चालतो. त्यात २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार. 'बट' आणि 'पुट'चा जुना विनोद उगाच झालेला नाही.

इंग्रजी घरात बोलणाऱ्यांनाही ही लिपी सोपी जात नाही. फिलिप सीमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातील भाषांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाअखेर फिनिश आणि ग्रीक मुले ओळखीचे ९८ टक्के शब्द बरोबर वाचत होती. स्कॉटलंडमधील इंग्रजी मुले? ३४ टक्के.

मग क्रम कोणता?

आधी कान आणि तोंड. 'सिट डाऊन', 'गिव्ह मी द बॉल' ऐकून मुलाने कृती करायची, मग स्वतः म्हणायचे. वेलदूरच्या मुलाकडे बस, जेटी, टिकीट, इंजिन हे शब्द शाळेत येण्याआधीच असतात. सुरुवात तिथून करता येते.

पुढची पायरी ध्वनींची. त्यासाठी ए ते झेड हा क्रम सोडावा लागतो. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांचे ध्वनी आले की सॅट, पिन, टॅप, टिन, पॅन असे शब्द मूल स्वतः जोडू शकते. मराठी मुलाची अडचण इथे वेगळी असते. ते 'ट' पूर्ण म्हणते, त्यात 'अ' मिसळतो आणि शब्द जुळत नाही. व्यंजनाचा पाय मोडून 'ट्' म्हणायला शिकवले की गाडी पुढे सरकते. 'पेन' आणि 'पॅन'मधला फरक मात्र त्याला कळतो, कारण 'ॲ' मराठीने कधीच आपलासा केला आहे. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही 'व' झाले तर सहा वर्षांच्या मुलाला टोकू नये.

त्यानंतर छोटी वाक्ये. 'द', 'वॉज', 'सेड' हे नियमात न बसणारे शब्द नुसते बघून ओळखायचे. स्पेलिंग पाठ करणे सर्वांत शेवटी. पाहुण्यांसमोर मुलाला स्पेलिंग म्हणायला लावणाऱ्या घरांत नेमके उलटे चालते.

मराठी वाचन कच्चे असेल तर?

तर आधी ते पक्के करावे. चिन्ह म्हणजे ध्वनी, ही समज एकदाच यावी लागते आणि ती मराठीत लवकर येते. तिसरीपर्यंत समजून वाचता यावे, हे २०२१ च्या 'निपुण भारत'चे उद्दिष्टही हेच सांगते. दोनशिक्षकी शाळेत तिसरीच्या मुलांनी पहिलीला वाचून दाखवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

घरी कसे तपासायचे?

पुस्तकात नसलेला एखादा छोटा शब्द, उदाहरणार्थ 'नॅप', इंग्रजीत लिहून दाखवा. सोबत चित्र नको. मूल 'एन, ए, पी' म्हणून थांबले तर त्याला अजून ध्वनी शिकवलेले नाहीत. अडखळत का होईना 'न्-ॲ-प्' जोडले, तर ते वाचू लागले आहे.